बंदीच्या दिवसांत मालदीवला गेलेला कांदा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात इथे मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ कळेल. तुम्ही लिहिलंय की डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि शेतातून निघालेला लाल कांदा मातीमोल भावाने द्यावा लागला. त्याच काळात मालदीवने भारताचे सैनिक परत पाठवले, त्यांच्या उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वाट्टेल ते लिहिलं, आणि तरी सरकारने त्यांना कांदा दिला. पुढे २०२५ मध्ये हजारो कोटींचं कर्जही दिलं. पाच लाख वस्तीच्या देशापुढे एवढा मोठा देश का नमतो, असं तुम्ही विचारलंय. आणि तो कोटा तुमच्या शेतकरी कंपनीला का मिळत नाही, हेही.

मी परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालो. नोकरीतला मोठा काळ हिंदी महासागरातल्या बेटांच्या कामात गेला, त्यातली काही वर्षं प्रत्यक्ष मालेत, म्हणजे मालदीवच्या राजधानीत. माझं गाव निफाड तालुक्यातलं. त्या हिवाळ्यात माझ्या चुलतभावाने दोन ट्रॉल्या लाल कांदा मार्केटला नेला, आणि काढणी, गाडीभाडं, हमाली वजा जाता हातात काय उरलं ते त्याने मला रात्री फोनवर सांगितलं. तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही.

पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ बसली आहे. एक, सरकार कांदा उत्पादकाशी कसं वागतं. दुसरी, मोठ्या देशाने लहान शेजाऱ्याशी कसं वागावं. पहिल्यातला राग दुसऱ्यावर निघतोय. दुसरी गोष्ट माझ्या कामातली आहे, ती सविस्तर सांगतो. पहिलीबद्दल जेवढं बोलण्याचा मला अधिकार आहे तेवढं शेवटी बोलेन.

आधी हा कोटा म्हणजे काय ते पाहू. भारत आणि मालदीव यांच्यात १९८१ साली व्यापार करार झाला. त्यानुसार जीवनावश्यक वस्तूंचं ठरावीक प्रमाण आपण त्यांना विकू देतो, आपल्याकडे त्या वस्तूवर निर्यातबंदी असली तरीही. २०२४-२५ साठीची अधिसूचना एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात निघाली. त्यात तांदूळ १ लाख २४ हजार टन, गव्हाचं पीठ १ लाख ९ हजार टन, साखर ६४ हजार टन, बटाटा २१ हजार टन, कांदा ३५ हजार टन, अंडी ४२ कोटींच्या वर, शिवाय नदीची वाळू आणि खडी प्रत्येकी १० लाख टन. करार झाल्यापासून एवढं प्रमाण कधीच मंजूर झालं नव्हतं.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. हा माल फुकट दिला जात नाही, त्यांचे व्यापारी पैसे मोजून घेतात. आणि कोटा ही वरची मर्यादा असते, तेवढा माल जातोच असं नाही. आकडा ठरतो तोही काही भावनेच्या भरात नाही. त्यांच्याकडून वर्षाची गरज कळवली जाते, आमच्याकडून ती वाणिज्य मंत्रालयाकडे जाते, तिथे आधीच्या वर्षी प्रत्यक्षात किती उचल झाली ते पाहतात, आणि मग अधिसूचना निघते. अशा फायली मी हाताळल्या आहेत. त्यात कोणाच्या भाषणाचा किंवा ट्वीटचा कागद लावलेला मी पाहिला नाही, आणि तसा तो लावू नये असंच माझं मत आहे. याचं कारण समजायला तुम्हाला मालेच्या बाजारात यावं लागेल.

मालेच्या उत्तर किनाऱ्यावर धक्का आहे. पहाटे तिथे धोणी लागलेल्या असतात. धोणी म्हणजे त्यांची लाकडी मालवाहू होडी, आता डिझेल इंजिनावर चालणारी. लांबच्या बेटांवरचे दुकानदार आपापल्या होडीवाल्याकडे यादी देतात आणि होडीवाला माल भरून नेतो. कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या तिथे रचलेल्या असायच्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डोळे मिटले असते तर कांदा चाळीत उभा आहे असं वाटलं असतं, तोच कोरडा, किंचित उग्र वास. होडीवाला गोणीच्या जाळीतून अंगठा घालून कांद्याची मान दाबून पाहायचा. मऊ लागली की गोणी बाजूला. समुद्राच्या दमट हवेत कांदा आठ-दहा दिवसांत कोंब धरतो, आणि पुढे त्याला आणखी एक रात्र होडीत काढायची असते. एका बेटावरच्या दुकानदाराने कांदा फळीवर पसरून वर पंखा लावून ठेवलेला मी पाहिला आहे. त्याच्या घरात पंखा नव्हता.

त्यांची सकाळची न्याहारी म्हणजे मासहुनी: टूना मासा, खोवलेलं नारळ, बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि लिंबू, सगळं हाताने कुस्करून. सोबत रोशी, म्हणजे आपल्या चपातीचीच बहीण. यातला मासा आणि नारळ त्यांचा. कांदा आणि पीठ मुख्यतः आपलं. प्रवाळाच्या वाळूवर गहू पिकत नाही, कांदाही नाही. सगळी बेटं एकत्र केली तरी जमीन सुमारे ३०० चौरस किलोमीटर भरते, तीही उत्तर-दक्षिण साडेआठशे किलोमीटरच्या पट्ट्यात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. कांद्याचं जहाज एक आठवडा उशिरा आलं तर ते मालेतल्या गृहिणीला त्याच दिवशी कळतं. तिला उपमंत्र्याने काय लिहिलं ते माहीत असेल किंवा नसेल. पण भारताने कांदा अडवला, हे ती दहा वर्षं विसरणार नाही.

आता तुमच्या मनातला पुढचा प्रश्न: आपलंच खाऊन मग आपल्यावर का ओरडतात?

मोठ्या देशाच्या माणसाला हे समजणं अवघड जातं, मलाही सुरुवातीला गेलं. लहान देशाकडे सैन्य नसतं, पैसा नसतो, लोकसंख्या नसते. त्याच्याकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपण स्वतंत्र आहोत ही जाणीव. तिला धक्का लागला असं वाटलं की तो देश सगळी ताकद लावून ओरडतो. मालदीवच्या बाबतीत या जाणिवेला इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. १५५८ साली गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज सत्तेने मालेचा ताबा घेतला. पंधरा वर्षांनी, १५७३ मध्ये, उत्तरेकडच्या उथीमू बेटावरच्या मुहम्मद ठाकुरुफानू यांनी रात्रीचे छापे घालत त्यांना हुसकून लावलं. आजही त्यांचा राष्ट्रीय दिन या विजयाचा आहे. शाळेतल्या प्रत्येक पोराला ती गोष्ट पाठ असते. आपल्याकडे गडकिल्ल्यांच्या गोष्टी सांगतात ना, तशी ती त्यांच्याकडे घरोघरी सांगितली जाते. परकी फौज आणि ती समुद्रावरून येणारी, हे चित्र त्यांच्या मनात लहानपणीच बसतं.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची आहे आणि आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. अगदी दक्षिणेला अड्डू नावाचं प्रवाळद्वीप आहे. तिथल्या गान बेटावर ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता, तो १९७६ पर्यंत चालला. तळामुळे तिथल्या लोकांना रोजगार मिळाला, हातात पैसा आला, आणि मालेचं सरकार त्यांना डोईजड वाटू लागलं. १९५९ मध्ये दक्षिणेकडची तीन प्रवाळद्वीपं फुटून निघाली आणि त्यांनी सुवादीव नावाचा वेगळा देश जाहीर केला. १९६३ पर्यंत तो टिकला. म्हणजे परक्यांच्या तळामुळे देश फुटू शकतो, हे मालेने पुस्तकात वाचलेलं नाही, अनुभवलं आहे. स्वतः मालदीव स्वतंत्र झाला २६ जुलै १९६५ ला. आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांना हे सगळं आठवतं.

आता हे डोक्यात ठेवून आपल्या हेलिकॉप्टरकडे पाहा. आपण त्यांना दोन ध्रुव हेलिकॉप्टर आणि पुढे एक डॉर्निअर विमान दिलं. त्यांचा मुख्य उपयोग आजारी माणसांना बेटांवरून उचलून मोठ्या दवाखान्यात नेण्यासाठी आणि समुद्रात हरवलेल्या होड्या शोधण्यासाठी. ती चालवायला आणि सांभाळायला आपली सुमारे ऐंशी माणसं होती, गणवेशातली. एक हेलिकॉप्टर कुठे ठेवलं? अड्डूला. त्याच गान बेटाच्या धावपट्टीवर. आपल्या दृष्टीने ती सोय होती, तिथे धावपट्टी तयार होती. त्यांच्यातल्या अनेकांच्या दृष्टीने जुन्या जखमेवर बोट होतं.

मी त्या सेवेचा उपयोग जवळून पाहिला आहे. एकदा रात्री उशिरा निरोप आला की दक्षिणेकडच्या एका बेटावर बाळंतीण अडली आहे, रक्तस्राव थांबत नाही. होडीने न्यायचं तर सकाळ उजाडली असती. पहाटेच्या उजेडात हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं, तेव्हा बायकांनी वाळू उडू नये म्हणून मैदानावर बादल्यांनी पाणी मारून ठेवलं होतं. ती बाई वाचली. त्याच बेटाने पुढच्या निवडणुकीत ‘भारतीय सैनिक परत जा’ म्हणणाऱ्यांना भरभरून मतं दिली, असं मला नंतर तिथल्या एका शिक्षकाने सांगितलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्यात कृतघ्नपणा आहे असं आज मला वाटत नाही. त्या लोकांना हेलिकॉप्टर हवं होतं, गणवेश नको होता. मे २०२४ मध्ये नेमकं तेच झालं: सैनिक परत आले, त्यांच्या जागी आपलेच तांत्रिक कर्मचारी साध्या कपड्यांत गेले, आणि हेलिकॉप्टर उडत राहिली. सैनिक हाकलले ही बातमी आपल्याकडे मोठी झाली. सेवा चालू राहिली ही बातमी झालीच नाही. माझ्या मते हा मार्ग आपणच तीन-चार वर्षं आधी सुचवायला हवा होता.

आपल्या बाजूच्या चुका मी झाकणार नाही. उथुरु थिला फाल्हू इथे त्यांच्या तटरक्षक दलासाठी गोदी बांधून देण्याचा आपला करार २०२१ मध्ये झाला, त्याचा पूर्ण मजकूर लोकांसमोर आला नाही. जे दिसत नाही त्याबद्दल लोक वाईटच कल्पना करतात. ‘इंडिया आऊट’ची मोहीम त्या अंधारावर वाढली. दुसरी चूक म्हणजे एका पक्षाच्या फार जवळ जाणं. मुइझ्झू यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष सोलिह यांचं सरकार आपल्याला अनुकूल होतं, चांगलं काम झालं, पण लोकांच्या नजरेत भारत म्हणजे त्या पक्षाचा पाठीराखा झाला. मग त्या सरकारवरचा राग आपल्यावर निघणं ओघाने आलं. असं आपल्याबाबत एकट्या मालदीवमध्येच घडलंय असंही नाही. सेशेल्स या बेटांच्या देशात असम्प्शन बेटावर भारताने लष्करी सोयी उभारण्याचा करार तिथल्या विरोधकांनी २०१८ मध्ये संसदेत पुढे जाऊ दिला नाही, तिथेही शंका तीच होती.

दडपण आणून काय साधतं, याबद्दल अनुभव सांगतो. २०१२ मध्ये मालदीवच्या सरकारने माले विमानतळाचं एका भारतीय कंपनीचं कंत्राट रद्द केलं, तेव्हा आपल्याकडे आजच्यासारखाच संताप होता. प्रकरण सिंगापूरच्या लवादात गेलं आणि २०१६ मध्ये मालदीवला २७ कोटी डॉलरच्या आसपास भरपाई मोजावी लागली. हा रस्ता लांबचा होता, पण त्यात मालेच्या कुठल्याही घरात चूल विझली नाही. २०१८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यामीन यांनी आणीबाणी लावली, न्यायाधीशांना अटक केली. तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी उघडपणे भारतीय फौज मागितली. आपल्याकडे टीव्हीवर तर आक्रमणाचे नकाशे काढले गेले. दिल्लीने फौज पाठवली नाही. सहा-सात महिन्यांनी तिथल्या मतदारांनीच यामीन यांना घरी बसवलं. आपली फौज उतरली असती तर तेच यामीन आज दुसरे ठाकुरुफानू म्हणून मिरवले असते, याबद्दल मला शंका नाही. त्याच वर्षी काही वस्तूंचा कोटा मात्र आधीपेक्षा कमी ठरवला गेला होता. त्याने यामीन बदलले नाहीत, फक्त लोकांना एक तक्रार मिळाली.

उपमंत्र्यांच्या त्या लिखाणानंतर आपल्याकडे झालेला जानेवारी २०२४ चा पर्यटन बहिष्कार ताजा आहे, तोही पाहू. २०२३ मध्ये २ लाखांहून अधिक भारतीय मालदीवला गेले होते, सगळ्या देशांत पहिला क्रमांक. २०२४ मध्ये ती संख्या सुमारे १ लाख ३० हजारांवर आली. धक्का बसला, नाही म्हणत नाही. पण त्या वर्षी त्यांचे एकूण पर्यटक २० लाखांच्या वर गेले. आणि भांडण ऐन भरात असताना, एप्रिल २०२४ मध्ये झालेल्या संसदेच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू यांच्या पक्षाला ९३ पैकी दोन तृतीयांशाहून अधिक जागा मिळाल्या. मोठा शेजारी रागावलाय, याचा त्यांना घरी फायदाच झाला असावा.

मग मुइझ्झू वळले कशाने? त्यांना हिशेबाने वळवलं. सत्तेवर आल्यावर त्यांनी तुर्कस्तान, चीन केलं. अन्नधान्य तुर्कस्तानहून आणू, रुग्णांना थायलंड आणि दुबईला पाठवू, असं जाहीर केलं. बोलायला सोपं आहे. पण तमिळनाडूतलं तुतिकोरिन बंदर ते माले हे अंतर समुद्राने दोन-तीन दिवसांचं आहे आणि तुर्कस्तानचं पीठ सुएझ उतरून येतं. तिरुवनंतपुरमला विमान तासा-दीड तासात पोचतं. त्यातच परकीय कर्जाचे हप्ते अंगावर आले आणि डॉलर आटले. मे २०२४ मध्ये स्टेट बँकेने त्यांच्या ५ कोटी डॉलरच्या रोख्यांची मुदत वाढवून दिली. ही बँक मालेत १९७४ पासून आहे, परकी आहे असं तिथल्या कोणाला वाटतही नाही. ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू दिल्लीला आले, तेव्हा ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची सोय, म्हणजे त्यांचं चलन ठेवून घेऊन तेवढे डॉलर आणि रुपये वापरायला देण्याची सोय, करून दिली गेली. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वाढदिवसाला आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते, आणि ४,८५० कोटी रुपयांची कर्जमर्यादा जाहीर झाली. तुम्ही म्हणता ते कर्ज हेच. ते रुपयांत आहे, आणि अशा कर्जाचा मोठा भाग आपल्याच मालाच्या आणि कंत्राटदारांच्या रूपाने परत येतो. माले आणि शेजारच्या बेटांना जोडणारा पावणेसात किलोमीटरचा पूल मुंबईची अ‍ॅफकॉन्स बांधते आहे, तोही भारताच्या अनुदानातून आणि कर्जातून.

आता यात कोटा कुठे बसतो बघा. अधिसूचना निघाली एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला. तेव्हा सैनिक परत येण्याची तारीख ठरलेली होती, सोशल मीडियावर शिव्यांचा पाऊस पडत होता. अशा आठवड्यात दिल्लीने आजवरचा सर्वात मोठा कोटा मंजूर केला, आणि त्याबद्दल फार आवाज केला नाही. मालेच्या बाजूने आभाराचा संदेश आला. महिनाभरात त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत होते. नुसत्या कोट्याने हे झालं असं मी म्हणणार नाही. पण परत येणाऱ्या माणसाला दार उघडं असल्याची खात्री लागते, ती त्याने दिली. तुम्ही याला नमणं म्हणता. मी आयुष्यभर हे काम केलं, मला तरी तो त्या वर्षातला सर्वात पक्का निर्णय वाटतो.

भाऊ, आपल्याला यातून काय मिळतं तेही विचारा, कारण परराष्ट्र धोरण धर्मादाय नसतं. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटापासून मालदीव ७० सागरी मैलांवर आहे. मधून आठ अंश खाडी जाते. आखातातून पूर्वेकडे जाणारी तेलाची जहाजं या भागातून जातात. मालदीवची जमीन ३०० चौरस किलोमीटर असली तरी त्यांच्या हक्काचा समुद्र नऊ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, महाराष्ट्राच्या जवळपास तिप्पट. त्या पाण्यात कोणाची सर्वेक्षण जहाजं फिरतात आणि कोणाला रडार बसवता येतं, हे मालेचं सरकार ठरवतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये श्रीलंकेतून आलेल्या सुमारे ऐंशी भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी माले जवळपास ताब्यात घेतलं होतं. राष्ट्राध्यक्ष गय्यूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेली आपली आयएल-७६ विमानं मालेशेजारच्या हुलहुले बेटाच्या धावपट्टीवर उतरली. काम झाल्यावर बहुतेक फौज लगेच परत आली, आणि मागे ठेवलेली तुकडीही सुमारे वर्षभराने निघाली. मालेत आजही लोक ही दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच आठवतात, की भारतीय आले आणि गेले.

डिसेंबर २०१४ मध्ये मालेचा समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना आगीने बंद पडला. लाखभर माणसं आणि प्यायला पाणी नाही. आपल्या हवाई दलाची विमानं आणि ‘सुकन्या’ ही नौका पाणी घेऊन गेली. तेव्हा तिथे यामीन यांचंच सरकार होतं, हे मुद्दाम लक्षात ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये परदेशात गेलेल्या आपल्या पहिल्या कोविड लसींमध्ये मालदीवच्या एक लाख मात्रा होत्या, पुण्यात बनलेल्या. सरकार कोणाचं आहे हे पाहून पाणी आणि औषध द्यायचं नाही, हा नियम आपण बऱ्यापैकी पाळला आहे, आणि तोच आपला तिथला खरा आधार आहे.

हे सगळं नेहमी, सगळीकडे लागू पडतं का? नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उद्या एखाद्या बेटाने दुसऱ्या सत्तेला लष्करी तळ दिला, तर मीही वेगळा सल्ला देईन. तेव्हा कर्जाच्या अटी, प्रशिक्षण, मोठे प्रकल्प यावर नक्की हात आखडता घ्यावा, आणि तो का घेतला हे तोंडावर सांगावं. पण तेव्हाही पीठ, कांदा, औषध आणि रुग्णांचा व्हिसा याला हात लावू नये. सरकारला शिक्षा करायची साधनं वेगळी असतात आणि लोकांच्या ताटातलं वेगळं असतं. चलन अदलाबदल अडवली की अर्थमंत्र्याची झोप उडते. कांदा अडवला की त्या धक्क्यावरच्या होडीवाल्याची उडते, आणि धोरण ठरवण्यात त्याचा काही हात नसतो. शिवाय मालदीव लोकशाही आहे, तिथे सरकारं बदलतात. जिथे एकच घराणं पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं असतं तिथे गणित वेगळं असू शकतं.

आता तुमची खरी तक्रार. कांद्याचं जे झालं ते चुकीचं झालं असं माझंही मत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, डिसेंबरमध्ये सरळ बंदी, मार्चअखेर उठेल म्हणून सांगितलेली ती पुन्हा वाढवली, आणि मग ४ मे २०२४ ला उठवली तेव्हाही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवलंच. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. रोप टाकतानाच शेतकऱ्याला माहीत नाही की माल निघेल तेव्हा दार उघडं असेल की बंद. परदेशातला ग्राहकही आपल्यावर विसंबत नाही, तो दुसरीकडे वळतो. परराष्ट्र सेवेतल्या माणसाला हे जास्त टोचतं, कारण मालदीवला आपण जी खात्री देतो, की काही झालं तरी ठरलेला माल मिळेल, तीच खात्री आपल्या शेतकऱ्याला कोणी देत नाही. पण मालदीवचे ३५ हजार टन अडवून तुमचा भाव वाढला नसता. देशात वर्षाला दोनशे लाख टनांहून अधिक कांदा पिकतो. ३५ हजार टन हा त्याचा पाव टक्काही नाही. उलट बंदीच्या दिवसांत बाहेर जाणारा तेवढा तरी कांदा होता.

राहिला तुमच्या शेतकरी कंपनीचा प्रश्न. बंदी असताना कोट्यातला माल ठरवून दिलेल्या बंदरांतूनच जातो, न्हावा शेवा आणि तुतिकोरिन ही त्यातली. आज बंदी नाही, तेव्हा कोट्याची वाट पाहायचं कारणच नाही. आयात-निर्यात क्रमांक, अपेडाची (शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणारी सरकारी संस्था) नोंदणी आणि रोगमुक्ततेचा दाखला, एवढ्यावर तुम्ही कांदा पाठवू शकता. अडचण कागदांची नाही, अंतराची आणि ओळखीची आहे. मालेचा व्यापारी वर्षानुवर्षं तुतिकोरिनच्या पुरवठादाराशी बांधलेला आहे, कारण तिथून जहाज जवळ पडतं आणि गोणी खराब निघाली तर फोनवर भांडता येतं. तो एकदम कंटेनरभर माल घेणार नाही, मिश्र माल घेईल: थोडा कांदा, थोडा बटाटा, पीठ, अंडी. म्हणून सुरुवात तुतिकोरिनच्या एखाद्या माल जुळवणाऱ्या निर्यातदाराबरोबर करा, तुमच्या नावाच्या गोण्यांत. उन्हाळ कांदाच पाठवा, लाल कांदा त्या हवेत टिकत नाही. मान पूर्ण वाळलेली, आकार मध्यम, आणि गोणी जाळीचीच हवी. पहिला माल गेला की पंधरा दिवसांनी त्या व्यापाऱ्याला फोन करून किती गोण्या बाजूला काढल्या ते विचारा. तो आकडा खरा सांगेल, कारण धक्क्यावर प्रत्येक गोणीला अंगठा लावून झालेला असतो.